गिरजा लोनबले, मनाची डाक्टरीण

वॉर्डातल्या शेवटच्या खाटेवरची बाई काय म्हणते आहे हे त्या अख्ख्या इस्पितळात एकाच मुलीला कळलं, आणि ती मुलगी तिथे चादरी वाटायला आली होती.

१९४९ सालची दिवाळी. गिरजा लोनबले तेव्हा अठरा वर्षांची, नागपूरला इंटर सायन्सच्या वर्गात. कॉलेजच्या मुलींनी वर्गणी काढून चादरी घेतल्या होत्या आणि मनोरुग्णांच्या एका इस्पितळात त्या वाटायला सगळ्या निघाल्या होत्या. गिरजाला खरं तर यायचंच नव्हतं. पुढे चांद्याच्या मुलींच्या शाळेत विज्ञानाची मास्तरीण व्हायचं तिनं ठरवलं होतं आणि त्यासाठी तिचं रसायनशास्त्र कच्चं होतं. मैत्रिणींनी ओढून नेलं म्हणून गेली.

शेवटच्या खाटेपाशी नर्सबाईनं तिला अडवलं.

"तिच्याकडे नका जाऊ. ताट नेलं की फेकते. कोणी जवळ गेलं की 'जावा, जावा' म्हणून हाकलते."

खाटेवर एक काळीसावळी, हडकुळी बाई गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. कपाळावर आणि हातांवर गोंदण. मुलींचा घोळका बघून ती खरंच ओरडली, "जावा! जावा!"

गिरजा जागच्या जागी थांबली.

तिचे वडील रामाजी जंगल खात्यात गार्ड होते. मूळ गाव मूलजवळचं, धानाच्या शेतीचं, पण बदल्या सगळ्या धानोऱ्याकडच्या रानात. सरकारी खोलीच्या मागेच गोंडांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, होती. शाळेसाठी मामाकडे मूलला जाईपर्यंत गिरजाच्या सगळ्या मैत्रिणी त्या टोल्यातल्या होत्या. त्यांच्या घरी संध्याकाळी मातीच्या गाडग्यातून काय मिळायचं ते तिला अजून आठवत होतं. गोंडीत जावा म्हणजे आंबील, कोसरीची किंवा तांदळाची पातळ पेज. ही बाई कुणालाही हाकलत नव्हती. ती जेवण मागत होती.

गिरजानं हातातल्या चादरी तिथेच ठेवल्या, खाटेजवळ उकिडवी बसली आणि गोंडीतून विचारलं, "कोणत्या गावची तू?"

त्या बाईनं दोन्ही हातांनी गिरजाचं तोंड धरलं आणि ती बोलायला लागली. इतकं भरभर, इतकं सलग, की गिरजाला मधला अर्धा भाग कळेना. नर्सबाई शिपायाला हाका मारू लागली. तो गोंधळ ऐकून डॉ. हरकरे वॉर्डात आले. उंच, तापट गृहस्थ. दिवाळीच्या दिवशीही इस्पितळात असायचे आणि त्यामुळे आणखी तापलेले असायचे.

"काय चाललंय इथे?"

"सर, या बाईला पेज पाहिजे," गिरजा म्हणाली. "तिचं नाव बुधरी. धानोऱ्याच्या पलीकडची आहे. रस्त्याच्या कामासाठी टोळीबरोबर आली, स्टेशनवर चुकामूक झाली. गावाकडची गाडी कोणती ते विचारत होती."

"आणि पोलिसाला चावली ते?"

गिरजानं विचारलं. बुधरीनं लांबलचक उत्तर दिलं.

"हो, चावली म्हणते. त्यानं केस धरून गाडीतून खाली ओढलं म्हणते."

हरकऱ्यांनी खाटेच्या पायथ्याचा कागद उचलला. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: अर्थहीन बडबड करते, अन्न नाकारते, जवळ येणाऱ्यास घालवून देते. अडीच महिन्यांपूर्वीची तारीख होती. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तिन्ही गोष्टींवर एक आडवी रेघ मारली. मग स्वयंपाकघरात पेज करायला सांगितलं. बुधरीनं तीन वाट्या पेज प्यायली, चौथीत बोट बुडवून चाटलं आणि मीठ कमी आहे असं सांगितलं. गिरजानं तेही भाषांतर करून सांगितलं. नर्सबाई हसू लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

जाताना हरकऱ्यांनी गिरजाला दारात थांबवलं.

"शिकता काय?"

"इंटर सायन्स. पुढे मास्तरीण व्हायचंय."

"मास्तरणी पुष्कळ होतील. तुम्ही मेडिकलला अर्ज करा. मार्क कमी पडत असतील तर आतापासून रात्रंदिवस अभ्यास करा, पण करा."

हे त्यांनी विनंती केल्यासारखं म्हटलं नव्हतं, रागावल्यासारखं म्हटलं होतं. गिरजा वसतिगृहापर्यंत जवळजवळ पळतच आली.

बुधरीला घरी पोचवायला रामाजी रजा काढून नागपूरला आले. बापलेक आणि बुधरी असे तिघं इतवारीहून छोट्या गाडीत बसले. गाडी सुटली तशी बुधरी खिडकीला चिकटली आणि नागभीडपर्यंत तिथून हलली नाही. पुढे वडशाच्या अलीकडे गाडी वैनगंगेच्या पुलावर चढली तेव्हा ती उभी राहिली आणि गाऊ लागली. डब्यातले लोक वळून बघू लागले. रामाजींना आधी संकोच वाटला, मग त्यांनीही मांडीवर ठेका धरला.

त्या पुलावरच गिरजानं बापाला सांगून टाकलं.

"बाबा, मी डाक्टरी शिकतो."

रामाजींच्या मांडीवरचा ठेका थांबला. "तिथी मुडदे फाडा लागते म्हणते. तुले भेव नाई लागनार काय?"

"मुडदे त बोलत नाई, बाबा. मले बोलनाऱ्या मानसाईचं शिकाचं हाये."

"मंग शिक," रामाजी म्हणाले. "तुह्या आईले मी समजावतो."

गिरजानं आठ महिने रसायनशास्त्र अक्षरशः घोटून प्यायलं. १९५० च्या जुलैत ती नागपूरच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाली. वर्गात मुली मोजक्या, झाडीपट्टीतली ती एकटी. तिचं 'मले-तुले' आणि बाई असून 'मी जातो, मी येतो' ऐकून मुलं हसत. ती म्हणे, हसून घ्या, परीक्षेत भेटू. पहिल्यांदा मेंदू हातात घेतला त्या दिवशी तिनं बापाला कार्ड लिहिलं: 'बाबा, आज माणसाचा मेंदू धरला. मळलेल्या कणकेच्या गोळ्याएवढा जड आहे. रागलोभ, आठवणी, गोंडी, मराठी, सगळं यातच असतं म्हणतात. मला खरंच वाटत नाही. जेवण गेलं नाही, आनंदानं.' ते कार्ड रामाजींनी जंगल खात्याच्या नाक्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. लाकडाच्या गाडीवानांनाही.

१९५५ साल संपता संपता ती डॉक्टर होऊन चामोर्शीच्या सरकारी दवाखान्यात आली. दोन खोल्यांचा कौलारू दवाखाना, पुढे पडवी आणि पत्रू नावाचा म्हातारा कंपाउंडर. पत्रूनं पहिल्या दिवशी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "डाक्टर मांगून येऊन राह्यले काय?"

"नाई भाऊ, डाक्टर आलेच आहेत."

महिन्याभरात बाया सात-सात कोसांवरून येऊ लागल्या. डाक्टरीणबाई आपल्यासारखंच बोलते, हे आधी पसरलं. औषध देते, हे नंतर. गिरजा सकाळी पडवीत पाय ठेवायची तो तीस-चाळीस माणसं बसलेली. ती झपझप तपासायची, झपझप लिहायची, आणि रोग ओळखता आला की तिला इतका आनंद व्हायचा की तो चेहऱ्यावर दिसायचा. हीच तिची चूक झाली.

१९५६ च्या महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत एक डोंगा उलटला. मार्कंडादेवाचं देऊळ वैनगंगेच्या या काठाला, आणि मूलकडची माणसं डोंग्यानं नदी ओलांडून येतात. पिपरटोल्याचा इसरू ढिवर वीस वर्षं माणसं उतरवत होता. त्याच्या डोंग्यात त्या दिवशी चौदा जण बसले, डोंगा रेटायचा बांबू मधल्या धारेत खडकाच्या फटीत अडकला, डोंगा आडवा झाला. तेरा वाचले. कमळा नावाची सोळा वर्षांची पोर गेली.

वैशाखात इसरू दवाखान्यात आला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. त्याचा उजवा हात खांद्यापासून खाली दोरीसारखा लोंबत होता. बरोबर बायको होती, सोनीबाई. तिच्या डोक्यावर मासळीची रिकामी टोपली.

"हात उचलत नाई," सोनीबाईनं सांगितलं. "दोन महिने झाले. भगताले दाखवलं, देवाले नवस बोललो, काई फरक नाई."

गिरजानं त्याला आडवं निजवलं. रबरी हातोडीनं कोपरावर ठोकलं, हात उडाला. टाचणी टोचली, टाचणी लागत नाही म्हणाला. मग तिनं त्याचा तो लुळा हात उचलून बरोबर त्याच्या तोंडावर धरला आणि सोडून दिला. खरोखर लुळा असता तर तोंडावरच आपटला असता. तो नाकाच्या बाजूनं वळून खाटेवर पडला. तिनं पुन्हा सोडला. पुन्हा तसाच बाजूला पडला.

पुस्तकात वाचलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडत होती. ती हरखून पत्रूकडे वळली.

"पाहा, पत्रूभाऊ, पाहा. हाताला काहीसुद्धा झालेलं नाही. नसा ठीक, स्नायू ठीक. सगळं मनाचं आहे."

इसरू उठून बसला.

"म्हंजे मी ढोंग करून राह्यलो काय?"

"नाही, तसं नाही, पण हात चांगला आहे तुमचा. तुम्ही ठरवलं तर—"

तो पुढचं ऐकायला थांबला नाही. उजवा हात डाव्या हातात धरून, जसं मूल धरावं तसा, तो पडवीतल्या माणसांमधून निघून गेला. सोनीबाई दारात घुटमळली.

"बाई, कमळीचा हात त्यानं त्याच हातानं धरला होता. ते काऊन नाई इचारलं तुमी?"

आणि तीही गेली.

गिरजानं त्या दिवशी बाकीचे रोगी तपासले, पण काय लिहिलं ते तिला आठवेना. दुसऱ्या दिवसापासून ती पिपरटोल्याला निरोप पाठवून पाठवून थकली. इसरू आला नाही. तिनं डॉ. हरकऱ्यांना पत्र लिहिलं, सात पानांचं, घडलं ते सगळं. उलट टपाली उत्तर आलं, दोन ओळींचं: 'निदान बरोबर, उपचार चुकीचा. बंगलोरला मनाच्या रोगांचा खास अभ्यासक्रम सुरू झाला आहे, मी तुमचं नाव सुचवतो आहे, नाही म्हणू नका.'

ती नाही कशाला म्हणेल? जंगल गार्डाची पोर मनाची डॉक्टर व्हायला दक्षिणेत निघाली ही बातमी नाक्यापर्यंत पोचली तेव्हा रामाजी तिला गाडीत बसवून द्यायला बल्लारशापर्यंत आले.

बंगलोरला पहिल्याच आठवड्यात तिची फजिती झाली. रोगी कानडी बोलत आणि तिला कानडीचं अक्षर येत नव्हतं. आता गप्प बसून ओठांकडे बघत राहण्याची पाळी तिची होती. 'ऊटा आयता', म्हणजे 'जेवण झालं का', हे ती पहिलं वाक्य शिकली आणि ते इतक्या ठिकाणी वापरलं की वॉर्डातले रोगीच तिला दिसल्या दिसल्या विचारू लागले, ऊटा आयता? तिथले वयस्क प्राध्यापक नव्या डॉक्टरांना एक विचित्र काम देत. एक रोगी निवडायचा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्याबरोबर राहायचं. नळी नाही, हातोडी नाही, वही नाही. संध्याकाळी सांगायचं की या माणसाला कुणाची वाट बघायची सवय आहे, तो कुणाबरोबर जेवतो, रोग व्हायच्या आधी त्याचे हात काय काम करत.

गिरजा पहिल्या दिवशी काहीच सांगू शकली नाही. तिसऱ्या महिन्यात ती बोलायला लागली की प्राध्यापक घड्याळ बघत. तिला झोप कमी आणि भूक जास्त लागू लागली. घरच्या पत्रांत ती एकाच पानावर चार वेगळ्या माणसांच्या हकिकती लिहायची, आणि रामाजी ती वाचून विचारायचे, यातला रोग कोणता?

१९५८ च्या पावसाळ्यानंतर तिला नागपुरात नेमणूक मिळत होती. तिनं चामोर्शी मागून घेतली. पहिल्या रविवारी पत्रूला बरोबर घेऊन ती बैलगाडीनं पिपरटोल्याला गेली.

इसरूचा डोंगा काठावर मोहाच्या झाडाखाली पालथा पडला होता. फळ्यांवर शेवाळ चढलेलं. इसरू झोपडीच्या सावलीत बसला होता, हात अजून तसाच, फक्त आता दंड बारीक झालेला. तिला पाहून तो उठला नाही.

गिरजा त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"इसरूभाऊ, मागच्या बारीले मी चुकली. तुमचा हात खरंच चालत नाई. तुमी ढोंग करत नाई. मी ते चार मानसांसमोर असं बोलाले नाई पाह्यजे होतं."

इसरूनं तिच्याकडे पाहिलं. मग सोनीबाईला म्हणाला, "बाईले पानी दे."

त्या दिवशी तिनं हाताला बोटही लावलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. ती जायची, काठावर बसायची, मासळी कशी मिळते विचारायची. सोनीबाईकडून कळलं की त्या जत्रेनंतर त्याच्या डोंग्यात कुणी बसलं नव्हतं. 'हात सोडणारा' असं त्याला गावात म्हणत. सोनीबाई एकटी तलावावर जाळं टाकायची, एकटी बाजार करायची.

तिसऱ्या रविवारी गिरजा काही न विचारता बसली असताना इसरू आपणच बोलला.

"मनगट धरलं होतं मी तिचं. नव्या काचेच्या बांगड्या होत्या. डाव्या बाजूनं एक म्हातारा मानेले लटकला होता, तो मले खाली ओढे. बांगड्या फुटल्या मुठीत. हात घसरला. मी म्हाताऱ्याले झटकलं असतं त पोरगी हाती आली असती." त्यानं डाव्या हातानं उजवा तळवा उलटा केला. आडवे पांढरे व्रण होते, चार. "हे कोनीच नाई पाह्यले."

गिरजानं ते व्रण पाहिले. दोन वर्षांपूर्वी तिनं याच तळव्यावर टाचणी टोचली होती.

"म्हातारा जिता हाये काय?" तिनं विचारलं.

"हाये. रस्ता बदलते मले पाहून."

त्या दिवसापासून उपचार सुरू झाले. तिनं आधी त्याला जाळं विणायला लावलं, डाव्या हातानं. उजव्या बोटांनी फक्त दोरा दाबून धरायचा. सोनीबाई रोज गरम पाण्यानं खांदा शेकायची आणि हात वर-खाली करायची. पंधरा दिवसांनी अंगठा दाबू लागला. पत्रू सायकलवर ही बातमी घेऊन आला तेव्हा गिरजा एका मुलाच्या घशात डोकावत होती. तिनं त्या मुलालाच आनंदानं थोपटलं. महिन्याभरात मूठ वळू लागली. मनगट वळलं, कोपर वाकलं. खांदा मात्र हलेना. हात छातीच्या वर जायला तयारच नव्हता.

गिरजानं पुष्कळ विचार केला आणि मग एके सकाळी दुसऱ्याच्या डोंग्यातून नदीपलीकडे गेली. कमळीची आई रुखमाबाई तिकडच्या गावात धानाची शेती करायची. ती खळ्यावर होती. डाक्टरीणबाईनं इसरूचं नाव काढताच तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

गिरजाची शिव्या खायची तयारी होती. रुखमाबाईनं दुसरंच विचारलं.

"तो मले भेटाले काऊन नाई आला? तीन वर्सं होत आली. शेवटी पोरगी त्याच्या हाती होती. काई बोलली काय, रडली काय, कोनाले हाक मारली काय, हे मी कोनाले इचारू?"

"तो डोंग्याले हात लावत नाई, बाई. त्याले वाटते तुमी त्याचं तोंड पाहनार नाई."

रुखमाबाईनं पदर खोचला. "मंग मीच येतो."

माघाची सकाळ होती, ऊन कोवळं. दोघी मोहाच्या झाडाखाली पोचल्या तेव्हा इसरू जाळ्याशी बसला होता. रुखमाबाईला ओळखून तो उठला आणि मागे सरकत झोपडीच्या भिंतीला टेकला. ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"सांग," ती म्हणाली.

त्यानं सांगितलं. थांबत, अडखळत, सगळं. कमळीनं 'मामा, सोडू नको' म्हटलं होतं, तेही सांगितलं. रुखमाबाई ऐकत होती. तिनं त्याचा उजवा तळवा मागून घेतला, व्रणांवरून अंगठा फिरवला आणि मग दोघंही रडली. सोनीबाई आणि गिरजा बाजूला उभ्या होत्या. टोल्यातली माणसं एकेक करून जमली होती. मानेला लटकलेला तो म्हाताराही त्यांत होता. तो डोकं धरून खाली बसला.

बऱ्याच वेळानं रुखमाबाईनं तोंड धुतलं आणि ती म्हणाली, "आता मले पलीकडं सोडून दे. तुह्याच डोंग्यात."

इसरूनं गिरजाकडे पाहिलं. गिरजाला पोहता येत नव्हतं. पण इतक्या दिवसांच्या विचारात ती जे शोधत होती ते हेच होतं, हे तिला त्या क्षणी समजलं.

"मीही येतो," ती म्हणाली.

पुरुषांनी डोंगा सुलटा केला, फटी चिंध्या आणि मेणानं बुजवल्या. सोनीबाई दुसरा बांबू घेऊन मागे बसली. दोन पोहणारे गडी वेगळ्या डोंग्यातून बरोबर निघाले, ही अट गिरजानंच घातली होती. इसरू पुढच्या टोकाशी उभा राहिला. बांबूचा सगळा जोर डाव्या हातावर, उजवा मुठीनं नुसता खालून धरलेला. उथळ पाणी निघून गेलं. मधली धार लागली तसा डोंगा तिरपा होऊ लागला. सोनीबाईनं मागून जोर लावला, तोंड वळेना. पाणी कडेवरून आत येऊन गिरजाचं लुगडं भिजलं. रुखमाबाईनं मात्र डोंग्याची कडसुद्धा धरली नव्हती. ती इसरूच्या पाठीकडे बघत शांत बसली होती.

इसरूचा उजवा हात बांबूवर वर सरकला. छातीपाशी आला, थांबला. मग खांदा उचलला गेला, हात डोक्याच्याही वर गेला, दोन्ही मुठींनी बांबू धरून त्यानं सगळ्या अंगाचा भार खाली टाकला. डोंगा थरारला आणि सरळ झाला. त्यानं बांबू काढला, पुन्हा रोवला. पुन्हा. मागे सोनीबाई मोठमोठ्यानं रडत होती आणि बांबू मारायचा थांबत नव्हती. काठावरून माणसांचा आरडाओरडा ऐकू येत होता. गिरजा ओल्या लुगड्यात बसून मोजत होती, एक, दोन, तीन, चार. प्रत्येक खेपेला खांदा किती वर जातो ते ती बघत होती, आणि तोंडावरचं हसू तिला आवरत नव्हतं. सतराव्या खेपेला वाळू लागली.

रुखमाबाई उतरली. "जत्रेले आमच्या घरचे आठ जन येनार हायेत," ती इसरूला म्हणाली. "तयारीनं राह्य."

इसरूला त्या रात्री ताप चढला आणि खांदा सुजून आला. हात दोन दिवस पुन्हा जड झाला. गिरजा घाबरली नाही. शेक, आराम आणि हलकी मालिश, असं तिनं सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी त्यानं त्या हातानं भाताचा घास उचलला. १९५९ च्या महाशिवरात्रीला त्याच्या डोंग्यात पहिल्यांदा रुखमाबाईच्या घरची आठ माणसं बसली. त्यांना पाहून बाकीचे आले. दुपारपर्यंत त्याच्यापाशी रांग लागली. दहाच्या वर माणूस तो घेईना. लोकांनी विनवलं तरी नाही. खांदा पुढे थंडीत दुखायचा, तेवढी कसर राहिली.

या सगळ्याचा अहवाल गिरजानं वरिष्ठांकडे पाठवला. त्यात नसांची तपासणी होती, आणि डोंग्याची, बांगड्यांची, म्हाताऱ्याचीही हकिकत होती. वरून शेरा आला की वैद्यकीय अहवालात गावगप्पा लिहू नयेत. तिनं तोच अहवाल पुन्हा नीट अक्षरात लिहून पुन्हा पाठवला. तिसऱ्या महिन्यात चांद्याहून एक मोठे डॉक्टर जीपनं आले, पडवीत दिवसभर बसून राहिले, आणि जाताना म्हणाले, "दर गुरुवारी फक्त असे रोगी बघा. मी मंजुरी घेतो."

पहिल्या गुरुवारी सहा माणसं आली. कुणी डोकं दुखतं म्हणून, कुणाला घास गिळता येत नाही, एक सून चार महिन्यांपासून बोललीच नव्हती. गिरजानं छाती तपासायची नळी खुंटीला टांगली नाही. ती आधी छाती ऐकायची, डोळे बघायची, रक्त कमी आहे का ते बघायची, आणि मग बाकावरून उठून रोग्याच्या शेजारी जमिनीवर बसायची. घरात स्वयंपाक कोण करतं, शेवटचं पोटभर हसलात कधी, हा त्रास नव्हता तेव्हा सकाळी उठून पहिलं काम काय करायचात, असं ती विचारायची. पत्रू आधी कुरकुरला की एका माणसाला इतका वेळ दिला तर बाकीच्यांचं काय. मग तो स्वतःच बाहेर थांबलेल्यांशी बोलू लागला, आणि आत पाठवताना कानात सांगू लागला, "बाई, याच्या भावाचं इचारजा."

पावसाळा सरता सरता गुरुवारची माणसं तीसवर गेली. सिरोंच्याकडून एक तेलुगू बोलणारं कुटुंब पाच दिवस बैलगाडी हाकत आलं. त्यांची पोर रोज दुपारी बेशुद्ध पडायची. गिरजाला तेलुगूतलं एक अक्षर कळत नव्हतं. तिनं चामोर्शीच्या बाजारात माणूस धाडला, मिरचीच्या एका तेलुगू व्यापाऱ्याला दुकानातून उठवून आणलं, त्याला पोरीच्या आईशेजारी बसवलं आणि ती म्हणाली, "मी इचारतो ते जसंच्या तसं सांगजा, भाऊ. आन ती सांगन ते त एक शब्द न गाळता."

व्यापारी अवघडून बसला. पोरीची आई बोलू लागली. गिरजानं पुढे सरकून कान दिला.